साप्ताहिक गूढ शब्दकोडे: अडल्यावर उत्तरे पाहावीत की आठवडाभर थांबावे?

आडवे_सात

नमस्कार मंडळी,

आठवड्यातून एकदाच येणारे मोठे गूढ शब्दकोडे नेमाने सोडवणारे बरेच सदस्य येथे आहेत. त्यांच्याकडून काही गोष्टी समजून घ्याव्यात म्हणून हा धागा काढत आहे.

साधी शब्दकोडी मी पुष्कळ काळापासून सोडवत आले आहे. तेथे 'समुद्र (३)' असे शोधसूत्र आले की सागर, जलधी, उदधी, अर्णव असे चार शब्द मनात येतात आणि आडव्या-उभ्या शब्दांतून मिळालेले एखादे अक्षर त्यांतला एक निवडून देते. काम तेथेच संपते. गूढ कोड्यात तोच शब्द 'असा गरजूंच्या पोटातला समुद्र (३)' या रूपात समोर येतो. वाचताक्षणी मनात भुकेचे, दारिद्र्याचे चित्र उभे राहते आणि आपण त्या चित्रातच उत्तर शोधत बसतो. मग केव्हातरी लक्षात येते की 'असा गरजूंच्या' या अक्षरांच्या पोटातच 'सागर' हा शब्द सलग लिहिलेला आहे आणि वाक्याचा अर्थ बाजूला ठेवून नुसती अक्षरे पाहिली असती तर तो पहिल्याच क्षणी दिसला असता. उत्तर डोळ्यांसमोर असूनही न दिसणे आणि मग एकदम दिसणे, यातला आनंद मला दुसऱ्या कोणत्याही कोड्याने दिलेला नाही.

अडचण याच्या पुढची आहे. साप्ताहिक कोडे हाती आले की पहिल्या बैठकीत जेमतेम निम्मे सुटते, नंतरच्या दोन-तीन दिवसांत आणखी काही शब्द बसतात आणि मग एखादा कोपरा असा अडून राहतो की त्यातला एकही शब्द जागचा हलत नाही. उत्तरे अधिकृतपणे पुढच्या आठवड्यात येत असली तरी हल्ली ती कोठे ना कोठे आधीच मिळतात, त्यामुळे थांबायचे की पाहायचे, हे आपले आपल्यालाच ठरवावे लागते. आपण सर्व अशा वेळी काय करता? शब्दकोश उघडणे आपण योग्य मानता का? दुसरे असे की, कधीकधी मिळालेल्या अक्षरांवरून आणि व्याख्येवरून, म्हणजे शोधसूत्रातल्या सरळ अर्थ सांगणाऱ्या भागावरून, उत्तर निश्चित होते, पण शोधसूत्राची फोड काही केल्या उमगत नाही. असा शब्द सुटला असे आपण धरता का?

आणि तिसरा प्रश्न, जो मला सर्वांत जास्त छळतो. शोधसूत्र न सुटण्याचे कारण आपण कमी पडलो हे आहे, की कोडेकाराने अन्याय केला हे, हे ओळखायचे कसे? एका मराठी कोड्यात 'दोन दिवसांपूर्वी नकार, आता लेखी मुभा (४)' असे शोधसूत्र होते. उत्तर 'परवाना'. दोन दिवसांपूर्वी म्हणजे 'परवा', नकार म्हणजे 'ना', आणि दोन्ही मिळून लेखी मुभा. फोड सुरेखच आहे, तरी काहीतरी खटकत राहते आणि नेमके काय ते मला सांगता येत नाही.

रिकामा_चौकोन

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहेत. एखाद्या शोधसूत्राशी आठवडाभर झुंजायची आपली तयारी असते ती कोडेकारावरच्या विश्वासामुळे. तो शब्दांनी फसवील, पण खोटे बोलणार नाही, एवढी खात्री असली की माणूस कितीही दिवस थांबतो.

ही खात्री आपोआप निर्माण झालेली नाही. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात पहिले शब्दकोडे छापले, ते सरळ व्याख्यांचे होते. त्याला गूढ वळण मिळाले ते ब्रिटनमध्ये. एडवर्ड पॉइस मॅदर्स यांनी 'टॉर्केमाडा' हे स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचे नाव घेऊन १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये दर आठवड्याला कोडी रचली आणि १९३९ मध्ये निधन होईपर्यंत हे काम सोडले नाही. त्यांची कल्पनाशक्ती अफाट होती, पण शोधसूत्रात काय चालते आणि काय चालत नाही याचे सर्वमान्य नियम तेव्हा नव्हते आणि सोडवणाऱ्याला कित्येकदा कोडेकाराच्या मनात काय असेल याचा केवळ अंदाज बांधावा लागे. त्यांच्या जागी आलेले डी. एस. मॅकनट, म्हणजे 'झिमेनीझ', यांनी ही शिस्त बसवली आणि १९६६ मध्ये या कलेवर एक पुस्तकच लिहिले. १९७२ पासून त्यांची परंपरा चालवणारे जोनाथन क्राउदर 'अझेड' हे नाव लावत. इंग्रजी अक्षरांत ते उलटे वाचले की 'डेझा' हे आणखी एका धर्मन्यायाधीशाचे नाव निघते, म्हणजे नावातच शोधसूत्र आहे. चांगल्या शोधसूत्रात काय असावे याचे झिमेनीझ यांच्या शिकवणुकीचे सार त्यांनी तीन गोष्टींत सांगितले आहे: नेमकी व्याख्या, शब्दखेळाचा न्याय्य निर्देश, आणि याखेरीज काहीही नाही.

ही तिसरी अट तुमच्या शोधसूत्राला लावून पाहा. 'दोन दिवसांपूर्वी' म्हणजे परवा. 'नकार' म्हणजे ना. 'लेखी मुभा' ही व्याख्या. मग 'आता' काय करते? तो शब्द वाक्य गोड करण्यासाठी घातला आहे; परवा नाही म्हणाले आणि आज हो म्हणाले, असा छोटासा प्रसंग त्यामुळे उभा राहतो. फोडीत मात्र त्याला कोणतेही काम नाही. तुम्हाला खटकत होते ते हेच असावे, कारण सोडवणारा प्रत्येक शब्दाला काम शोधत असतो आणि एका शब्दाला काम मिळाले नाही तर उत्तर बरोबर असूनही मन शांत होत नाही. हेच शोधसूत्र 'दोन दिवसांपूर्वीचा नकार म्हणजे लेखी मुभा (४)' असे लिहिले असते तर एकही शब्द वाया गेला नसता आणि नकारालाच मुभा म्हणणारे ते विरोधाभासी वाक्य माझ्या मते मूळच्यापेक्षा जास्त धारदार झाले असते.

याच परंपरेतले ए. एफ. रिची, म्हणजे 'अॅफ्रिट', यांनी १९४९ मध्ये कोडेकारासाठी एक नियम घालून दिला, तो मी प्रत्येक शोधसूत्रापाशी आठवतो. कोडेकार जे बोलतो तेच त्याला म्हणायचे असले पाहिजे असे नाही, पण जे म्हणायचे आहे ते त्याने बोललेच पाहिजे. 'असा गरजूंच्या पोटातला समुद्र' हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर भूक उभी राहिली, ती कोडेकाराला अभिप्रेत नव्हती आणि तसे करण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. मात्र अक्षरांच्या पोटात समुद्र आहे हे त्याने शब्दशः सांगितले होते. तेथे तो प्रामाणिकच राहिला.

एक उदाहरण अन्यायाचेही देतो. 'विस्कटलेले कमल झाडावर बांधतात (३)' हे न्याय्य आहे; 'कमल'ची अक्षरे विस्कटली की 'कलम' मिळते. त्याऐवजी कोणी 'विस्कटलेले पद्म' असे लिहिले तर सोडवणाऱ्याने आधी पंकज, अंबुज, राजीव, नलिनी, कमल यांतला योग्य शब्द ओळखायचा आणि मग त्याची अक्षरे फिरवायची. अशा दोन आंधळ्या उड्या एकामागून एक मारायला लावणे योग्य नाही. अक्षरे विस्कटायची असतील तर ती शोधसूत्रात डोळ्यांसमोर असली पाहिजेत.

खोडरबर

रिकामा_चौकोन यांनी न्यायाचा भाग इतका नीट मांडला आहे की मी फक्त अडून राहण्याविषयी लिहितो, कारण साप्ताहिक कोड्याचे खरे सुख मला तेथेच मिळते.

दैनिक कोडे आणि साप्ताहिक कोडे यांत फरक फक्त आकाराचा किंवा काठिण्याचा नाही, मनाच्या गतीचाही आहे. वेगाने सोडवण्यालाही मान आहेच. जानेवारी १९४२ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने आपल्या कार्यालयात बारा मिनिटांच्या आत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि तेथे आलेल्यांपैकी काहींना पुढे ब्लेचली पार्क येथील गुप्तलिपी उलगडण्याच्या कामासाठी विचारणा झाली. त्या बुद्धीविषयी मला नितांत आदर आहे. पण साप्ताहिक कोडे ज्या चिकाटीची मागणी करते ती निराळी आहे. 'लिसनर' या ब्रिटिश नियतकालिकातले त्याच नावाचे साप्ताहिक कोडे १९३० मध्ये सुरू झाले, ते नियतकालिक बंद पडल्यावर १९९१ मध्ये 'टाइम्स'ने त्याला आसरा दिला, आणि त्यातले एकच कोडे सोडवण्यात जाणकारही दिवसचे दिवस घालवतात, कारण सर्व शब्द भरून झाल्यावरही कोड्याचा मूळ विषय ओळखणे आणि त्यानुसार चौकटीत बदल करणे असे काहीतरी बाकी राहते.

आता अडल्यावर काय करायचे ते. बहुतेक वेळा आपण अडतो ते शोधसूत्राच्या वरवरच्या अर्थामुळे. वाक्य जितके सहज आणि खरे वाटणारे, तितके ते मनाला घट्ट धरून ठेवते. 'सदा उलटून बोलणारा नोकर (२)' हे घ्या. असा नोकर आपल्याला लगेच दिसतो. तोंडाळ, उद्धट, मालकाला जुमानत नाही. मन त्याच्यासाठी शब्द शोधू लागते आणि दोन अक्षरांत बसणारा तसा शब्द काही मिळत नाही. पहिल्या दिवशी मी याच चित्रापाशी थांबलो असतो तर त्याच चित्रापाशी दुसऱ्या दिवशीही परत आलो असतो. यावर माझा उपाय असा की शोधसूत्र दोन भागांत तोडायचे आणि एक भाग हाताने झाकायचा. व्याख्या शोधसूत्राच्या सुरुवातीला असते किंवा शेवटी, मध्ये कधीच नसते, हा नियम येथे फार उपयोगी पडतो. शेवटचा शब्द 'नोकर' एवढाच उघडा ठेवला तर सेवक, गडी, चाकर, दास असे साधे शब्द पुढे येतात. मग उरलेल्या भागाकडे वाक्य म्हणून न पाहता सूचना म्हणून पाहायचे: 'सदा' हा शब्द 'उलटून' बोलायचा आहे. दा, स. दास. तो तोंडाळ नोकर नाहीसा होतो आणि त्याच्या जागी त्याच्या अगदी उलट स्वभावाचा, कायम नम्र असा शब्द येऊन उभा राहतो. मला हे शोधसूत्र फार आवडते, कारण त्यात उत्तराचा अर्थही उलटलेला आहे.

हात ठेवून झाकण्याने जे होते तेच मधले दिवस आपोआप करतात. कोडे बाजूला ठेवून दुसऱ्या कामाला लागले की वरवरच्या अर्थाची पकड सैल होते आणि पुन्हा वाचताना एखादा शब्द आपली दुसरी बाजू दाखवतो. 'पात्र' म्हणजे नाटकातले की नदीचे की स्वयंपाकघरातले, 'वाचला' म्हणजे ग्रंथ की जीव, 'वर' म्हणजे दिशा की देवाने दिलेले दान की बोहल्यावरचा तरुण, हे प्रश्न एका बैठकीत सुचत नाहीत. मी म्हणून अडलेल्या कोपऱ्यातली शोधसूत्रे पाठ करून ठेवतो. कागद जवळ नसतानाही ती मनात फिरत राहतात आणि पुष्कळदा उत्तर अशा वेळी येते, जेव्हा आपण त्याच्या मागे लागलेले नसतो.

फोड न कळता बसलेल्या शब्दाविषयी माझे मत कडक आहे. तो शब्द सुटलेला नाही. मी त्याच्या पुढे पेन्सिलीने बारीक खूण करतो आणि कोडे भरून झाल्यावरही त्या खुणा राहिल्या असतील तर काम संपले असे मानत नाही. यामागे निव्वळ हट्ट नाही. फोड न कळलेले उत्तर पुष्कळदा चुकीचे असते, ते जवळच्या चार शब्दांना चुकीची अक्षरे देते, आणि मग तो कोपरा अडतो तो कोडेकारामुळे नव्हे. म्हणून एखादा कोपरा मुळीच हलत नसेल तर मी त्यातले खूण केलेले शब्द आधी पुसतो.

उभे_चौदा

खोडरबर यांच्याशी मी बऱ्याच बाबतींत सहमत आहे, पण नव्याने या वाटेला आलेल्यांना आठवडाभर थांबण्याचा सल्ला मी देणार नाही.

जो माणूस इशारा देणारे शब्द अजून ओळखत नाही, त्याने अडून राहण्यात काही मिळत नाही. 'विस्कटलेले', 'वेडेवाकडे', 'गोंधळलेले' म्हणजे अक्षरांची उलटापालट. 'लपलेला', 'पोटात', 'मधून' म्हणजे शब्द आत दडलेला. 'परतला', 'उलटा', आणि उभ्या शब्दांत 'वर चढला' म्हणजे मागून वाचायचे. 'डोके उडालेला', 'सुरुवात नसलेली' म्हणजे पहिले अक्षर काढायचे. ही परिभाषा नुसते बसून सुचत नाही, ती शिकावी लागते, आणि शिकण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे उत्तर पाहून शोधसूत्राकडे उलटे जाणे. 'सुरुवात नसलेली सकाळ म्हणजे मृत्यू (२)' याचे उत्तर 'काळ' आहे हे कळल्यावर 'सकाळ'मधला 'स' कोठे आणि का गेला हे ज्याने स्वतः शोधून काढले, त्याला पुढच्या वेळी 'डोके उडालेली कमान' दिसताच काय करायचे ते सांगावे लागत नाही. मी सुरुवातीला एका वेळी एकच उत्तर पाहत असे, त्याची फोड पूर्ण समजून घेत असे आणि त्या शब्दाने दिलेली अक्षरे घेऊन पुन्हा स्वतः झुंजत असे. सर्व उत्तरे एकदम पाहिली तर मात्र हातात काहीच राहत नाही.

शब्दकोशाविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. अझेड किंवा लिसनर यांसारख्या कोड्यांत काळ्या चौकोनांऐवजी जाड रेषांनी शब्द वेगळे केलेले असतात, शब्द दुर्मीळ असतात, आणि सोडवणाऱ्याजवळ चेंबर्सचा शब्दकोश असणार हे कोडेकाराने गृहीतच धरलेले असते. तेथे फोडीवरून एक अनोळखी शब्द तयार करायचा आणि तो शब्दकोशात खरोखर सापडतो का हे पाहायचे, असा उलटा क्रम असतो. आपण बांधलेला, कधीही न ऐकलेला शब्द पानावर छापलेला दिसणे हा एक विलक्षण अनुभव आहे आणि त्यासाठी शब्दकोश उघडावाच लागतो.

एका गोष्टीत मी रिकामा_चौकोन यांच्याइतका कठोर नाही. 'गार्डियन'चे जॉन ग्रॅहॅम, म्हणजे 'अरॉकेरिया', झिमेनीझ यांचे नियम काटेकोरपणे पाळत नसत, मोकळेपणाने वाकवत, आणि तरीही सोडवणाऱ्यांचे त्यांच्यावर अपार प्रेम होते. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी आपल्याला कर्करोग झाल्याचे वाचकांना एका कोड्यातूनच कळवले. शब्द भरत गेल्यावर ज्याच्या-त्याच्या हाती ती बातमी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. ज्या कोडेकाराशी इतके जवळचे नाते जुळते, त्याचे एखादे जास्तीचे 'आता' मी आनंदाने चालवून घेईन.

अक्षरजुळणी

येथे बरीच मराठी शोधसूत्रे आली आहेत, म्हणून मराठीत गूढ कोडे रचताना आणि सोडवताना जे निराळे पडते त्याविषयी लिहितो. इंग्रजी कोड्यांवर मन बसलेले काही जण मराठीत हा खेळ जमणार नाही असे म्हणतात, ते मला मान्य नाही. त्याचे नियम मात्र मराठीच्या स्वभावातून काढावे लागतात.

पहिला फरक एककाचा. इंग्रजीत एका चौकोनात एक वर्ण असतो, आपल्याकडे एक पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. त्यामुळे छेदणाऱ्या शब्दातून मिळालेले एक अक्षर फार मोठी माहिती देते. चार अक्षरी शब्दात पहिले 'क' आणि तिसरे 'र' मिळाले की उत्तर जवळजवळ हातात येते. म्हणून मराठी कोडेकाराने चौकट सैल ठेवावी, छेद कमी द्यावेत, आणि शोधसूत्र मात्र जास्त कसून लिहावे असे माझे मत आहे. दोन अक्षरी उत्तरे तर शक्यतो टाळावीत. 'नदी उलटी वाहिली की गरीब' या शोधसूत्राने 'दीन' पर्यंत पोचणे सुंदर आहे, पण दोन अक्षरे उलटण्याला वेळ तो किती लागणार! उलटापालट खुलते ती चार अक्षरांपासून पुढे. 'सरकत वेडावाकडा केलेला व्यायाम (४)' याचे उत्तर 'कसरत' आहे हे सांगितल्यावर सोपे वाटते, पण 'सरकत' हे क्रियापदाचे रूप इतके निरुपद्रवी दिसते की त्याची अक्षरे उचलायची आहेत हे ध्यानात यायला वेळ लागतो.

जोडाक्षरांचा प्रश्न रचणाऱ्याला सर्वांत जास्त दमवतो. 'पद्धत' हा शब्द आडवा घेतला तर 'द्ध' या चौकोनातून उभा शब्द न्यायचा कसा? 'द्ध'ने सुरू होणारा शब्द मिळत नाही, म्हणून 'युद्ध' किंवा 'शुद्ध' असा त्या अक्षरावर संपणाराच शब्द वरून आणावा लागतो, नाहीतर तो चौकोन छेदाविना ठेवावा लागतो. सोडवणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. जेथे एखादा उभा शब्द दुसऱ्या शब्दाच्या मध्यावर येऊन थांबतो, तेथे जोडाक्षर असण्याची शक्यता मी नेहमी तपासून पाहतो. ऱ्हस्व-दीर्घ छेदात काटेकोर पाळायचे की सोडायचे हे मात्र कोडेकाराने कोड्याच्या वरच स्पष्ट लिहावे. ते न लिहिणे हा मी अन्याय मानतो.

तिसरी गोष्ट विभक्तीची, आणि माझ्या दृष्टीने मराठी कोडेकाराचे कौशल्य येथेच दिसते. इंग्रजीत शब्दाचे रूप न बदलता तो वाक्यात कोठेही बसवता येतो. मराठीत प्रत्यय लागला की सामान्यरूप होते. 'घोडा' हवा असतो आणि वाक्य 'घोड्याला' मागते. त्यामुळे ज्या शब्दाची अक्षरे वापरायची तो शब्द प्रत्ययाविना राहील अशी वाक्यरचना शोधावी लागते. 'विस्कटलेले कमल' येथे 'कमल' हे प्रत्यय न लागलेले कर्म आहे म्हणून अखंड राहिले. 'सदा' आणि 'सरकत' ही अव्यये असल्यामुळे त्यांना प्रत्ययाची भीतीच नाही. चांगले मराठी कोडेकार अव्यये आणि क्रियाविशेषणे इतकी का वापरतात याचे कारण हेच. 'असा गरजूंच्या' यात प्रत्यय आहे, पण तो हव्या असलेल्या अक्षरांच्या पलीकडे पडला आहे. 'अनेक वीरांत लपलेला शब्दप्रभू (२)' हेही तसेच रचलेले आहे: 'अनेक'चा शेवट आणि 'वीरांत'ची सुरुवात मिळून 'कवी', आणि प्रत्यय बिचारा मागे सुरक्षित.

लिंगही असेच. 'बोलणारा' म्हटले की उत्तर पुल्लिंगी असणार अशी अपेक्षा तयार होते आणि सोडवणाऱ्याला फुकट मदत मिळते. ही मदत टाळायची तर व्याख्या नामात ठेवावी, विशेषणात नाही. 'लेखी मुभा' स्त्रीलिंगी आणि 'परवाना' पुल्लिंगी, तरी कोणाची तक्रार नाही, कारण दोन्ही नामे आहेत.

आडवे_सात ताई, तुम्हाला एक सुचवतो. अडलेल्या कोपऱ्याचा कंटाळा आला की स्वतः एक शोधसूत्र लिहून पाहा. अझेड आपल्या कोड्यांबरोबर ठरावीक अंतराने शोधसूत्र लिहिण्याची स्पर्धा घेत आणि सोडवणारे तीत कोडे सोडवण्याइतक्याच उत्साहाने भाग घेत. एक शब्द घेऊन त्याचे तुकडे पाडून पाहिले की कोडेकार कोणत्या खिडकीतून भाषेकडे पाहतो ते कळते. मी 'कापूस' घेऊन बसलो होतो. 'का' आणि 'पूस'. पुसणे म्हणजे विचारणे, हा अर्थ जुन्या मराठीत सर्रास आणि आजही ओळखीचा. म्हणून 'वात वळण्यासाठी "कशाला" असे विचार (३)'. यात व्याख्या 'वात वळण्यासाठी' एवढीच आहे आणि ती थोडी सैल आहे याची मला जाणीव आहे. कोणाला अधिक नेमकी सुचली तर जरूर सांगा.

आडवे_सात

सर्वांचे मनापासून आभार. 'आता' का खटकत होते ते अखेर कळले आणि त्याबरोबर मागची कित्येक शोधसूत्रे डोक्यात नव्याने उघडली. झाकून वाचण्याचा उपाय या आठवड्याच्या अडलेल्या कोपऱ्यावर लगेच करून पाहिला. एक शब्द हलला आणि त्याच्यापाठोपाठ दुसरा. उरलेल्यांसाठी मी थांबणार आहे, कारण इशाऱ्याचे शब्द आता ओळखू येतात आणि जे दिसत नाही ते दिसू शकते असा भरवसा वाटतो.

अक्षरजुळणी यांनी सांगितले म्हणून एक शोधसूत्र लिहून पाहिले आहे: 'उलट्या वेलीचा ठेका (२)'. वेल म्हणजे 'लता', ती उलटली की 'ताल'. मात्र रिकामा_चौकोन यांनी 'पद्म' वरून 'कमल' ओळखून मग अक्षरे फिरवायला लावणे अन्यायाचे म्हटले आहे. येथेही 'वेल' वरून 'लता' ओळखावी लागते आणि मग उलटावी लागते. मग हेही त्याच दोषात येते का?

रिकामा_चौकोन

नाही, येत नाही. अक्षरे विस्कटण्याला ठरलेला क्रम नसतो. तीन अक्षरांच्या सहा रचना होतात, चार अक्षरांच्या चोवीस, आणि मूळ शब्दच माहीत नसेल तर सोडवणाऱ्याला धरायला काहीच राहत नाही. उलटण्याला मात्र एकच मार्ग आहे. 'लता' सुचली की 'ताल' आपोआप मिळतो, आणि 'ताल' आधी सुचला तर तो उलटून 'लता' होते का हे लगेच पडताळता येते. समानार्थी शब्द घेऊन तो उलटणे, तोडणे, दुसऱ्या शब्दाच्या पोटात घालणे हे सर्व न्याय्य धरले जाते. फक्त विस्कटायचा शब्द समोर असावा.

तुमच्या शोधसूत्रात प्रत्येक शब्दाला काम आहे. षष्ठीचा 'चा' वेलीला ठेक्याशी जोडतो आणि वाक्यातही सहज बसतो. दोन अक्षरी असल्यामुळे अक्षरजुळणी कदाचित नाक मुरडतील, म्हणून आता चार अक्षरी 'सरकार' घेऊन पाहा. मी 'गुरुजींची मोटार राज्य चालवते (४)' असे लिहिले आहे, 'सर' आणि 'कार' असे तुकडे पाडून. मला तो शब्द मधून फोडून, एक तुकडा दुसऱ्याच्या पोटात ठेवून रचायचा होता, पण ते अजून साधलेले नाही.